पाहुण्यांची खोली

८ मार्च

दादा,

तुझा डबा पोचला. पोचल्याचं कळवावं म्हणून हे पत्र, बाकी काही नाही.

वर 'सुकी फुलं' असं लिहिलं होतंस. अक्षर बघूनच ओळखलं, तुझ्या 'फ'चं पोट अजून सुटलेलंच आहे. आत ओल्या कागदात गुंडाळलेल्या तीन हिरव्या काड्या, टोकांना मेण. चिठ्ठी नाही. मी डबा उलटा करून झटकला, कागद सुटे केले, मेणसुद्धा नखाने खरवडून बघितलं. इतक्या वर्षांनी माणूस घरी काहीतरी पाठवतो, तर दोन ओळी खरडायला काय हात दुखत होते?

आणि परदेशातून हिरवी काडी अशी चोरून पाठवायची नसते, हे रोपवाटिकेत वाढलेल्या माणसाला मी सांगायचं का? काडी टवटवीत दिसते आणि रोग तिच्या आत बसून येतो, हे बाबांनी आपल्याला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं. पकडला गेला नाहीस हे नशीब.

डबा छपरीतल्या टेबलावर उघडला, बाबांसमोरच. कुणी पाठवलाय ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी एक काडी उजेडात धरली, बोटांत फिरवली, वास घेतला, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. दोन काड्या घेऊन ते निघून गेले. उरलेल्या काडीवरचा फुटायला आलेला एक डोळा मी कुंडीतल्या रोपावर बांधला आणि कुंडी पाहुण्यांच्या खोलीत ठेवली. हे नाव तूच ठेवलं होतंस, आठवतं? बारीक जाळी, दुहेरी दार, आणि बाहेरून आलेलं कुठलंही झाड तपासणी होईपर्यंत आतच. अजूनही सगळे तेच नाव वापरतात, तपासणीवाल्या बाईसुद्धा.

बागेतली थोरली बरी आहे. फळं दोन वर्षं लहान येतायत, जरा वेडीवाकडी, हिरवी असतानाच गळतात. वय झालं, म्हणतात बाबा. तिचं वय झालं तर आमची पंचाईतच आहे, कारण इथून आजवर गेलेलं संत्र्याचं प्रत्येक कलम तिच्याच डोळ्यातून निघालंय. आजूबाजूच्या सगळ्या बागा म्हणजे तिचीच लेकरं.

एक विचारायचं होतं, सहज. काड्या कुठल्या झाडाच्या? ते झाड बरं आहे ना?

बुटकी


२९ मे

दादा,

उत्तर नाही. डब्यावरचाच पत्ता घातला होता, दुसरा काही माझ्याकडे नाही. फोन नंबर तू कधी दिलाच नाहीस.

बाबांनी नेलेल्या काड्यांचं काय झालं ते कळलं. थोरलीच्या पूर्वेकडच्या फांदीवर मला पट्टी बांधलेली दिसली आणि पट्टीतून वर आलेला वीतभर कोंब. मी तिथेच उभी राहिले.

"बाबा, हे काय?"

"डोळा भरलाय."

"थोरलीवर? बाहेरची काडी? पाहुण्यांच्या खोलीत न ठेवता?"

"आता मला तेवढा वेळ नाही," म्हणाले आणि नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

दादा, हा तोच माणूस आहे ज्याने सख्ख्या मेहुण्याने भेट आणलेलं गुलाबाचं रोप दोन वर्षं जाळीत डांबून ठेवलं होतं. मामा अजून त्यावरून टोमणे मारतो. आणि आता स्वतःच्या हाताने परकी काडी आणून घातली ती कुठे, तर मातृवृक्षावर. म्हाताऱ्या माणसाला उलटून काय बोलायचं?

मी घाबरलेली नाही. कोंब छान आहे, पानं हिरवीगार आहेत. फक्त जरा माहिती हवी होती, म्हणून विचारते.

गुडघ्यांमुळे बाबा आता शिकायला येणाऱ्यांच्या वर्गाला उभे राहत नाहीत, बागकामाच्या ओळखीचा पहिला धडा मीच देते. पद्धत त्यांचीच, थोरलीखाली बाकं टाकून. "शेतात पीक बघतात, बागेत एकेक झाड बघतात, फरक एवढाच," हे त्यांचं पहिलं वाक्य मी तसंच ठेवलंय. मग शाखा. फळबाग, ज्यांना वाट बघता येते त्यांच्यासाठी. भाजीपाला, ज्यांना वाट बघता येत नाही त्यांच्यासाठी. फुलशेती, ज्यांना पहाटे उठता येतं त्यांच्यासाठी, कारण दुपारी तोडलेलं फूल संध्याकाळी मान टाकतं. तोडल्यानंतरचं टिकवणं, साठवणं, मुरवणं ही आणखी एक शाखा, आणि ती शिकायला कुणी येत नाही, सगळ्यांना फक्त लावायची हौस. शेवटी रोपवाटिका, म्हणजे आपण. दुसऱ्यांच्या घरी जाणारी लेकरं वाढवणारे.

बागेची आखणी, हिरवळ, शोभेची झाडं ही शाखा बाबा गाळत. तू गेल्यापासून गाळत. "दुसऱ्याच्या अंगणात न खायची झाडं लावून देणं हे बागकाम नाही, नट्टापट्टा आहे" असं ते तुला म्हणाले होते, आणि तू काय म्हणालास ते मी लिहीत नाही. मी ती शाखा शिकवते बरं का. जरा हळू आवाजात, छपरीपर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून.

परवा वर्गातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी विचारलं, "जुन्या झाडाची काडी घेऊन तुमच्याकडे कोण येतं?" मी म्हटलं, दोनच प्रकारची माणसं. ज्यांचं घर विकलं जातंय ती, आणि झाड लावणारं माणूस ज्यांच्या घरात आता राहिलं नाही ती. त्या बाईंनी वही मिटली. मला वाटलं, हे पहिल्या धड्यात सांगायला नको होतं.

काड्या कुठल्या झाडाच्या, एवढं कळव.

बुटकी


१७ सप्टेंबर

दादा,

खरं सांगते. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं, मी तेव्हाही घाबरलेले होते. आता तर पाचावर धारण बसलीय.

तुझ्या फांदीवर पिवळी पानं आली आहेत. संत्र्याचं पान पिवळं पडायला शंभर कारणं असतात, मलाही कळतं. म्हणून आधी मी स्वतःची समजूत घातली. खत कमी पडलं असेल. पाणी जास्त झालं असेल. मग गेल्या आठवड्यात एका सकाळी एक पान तोडलं आणि बाबांनी शिकवलं तसं मधल्या शिरेवर दुमडलं. झाड नुसतं भुकेलं असेल तर पिवळेपणा शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा येतो, दुमडलेलं पान एकावर एक बरोबर बसतं. माझं बसलं नाही. एका बाजूचा डाग एकीकडे, दुसऱ्या बाजूचा भलतीकडे. दुसरं तोडलं. तेही तसंच. तिसरं दुमडताना फाटलं.

डाग असे जुळेनासे करणाऱ्या त्या रोगाला औषध नाही हे तुला सांगायला नको. झाड बरं करता येत नाही, फक्त मुळासकट काढून जाळता येतं. आणि थोरलीवर त्याच फांदीशेजारून आम्ही वसंतात डोळे काढले. कलमं बांधली. गाड्या भरून गेली ती.

मी रोज पहाटे कुणी यायच्या आत उठून ती पानं वेचते. पिवळं दिसलं की तोडते आणि चुलीत टाकते. हे चूक आहे, मला माहीत आहे, तू शिकवायला जाऊ नकोस.

बाबांना सांगितलेलं नाही. ते रोज त्या फांदीखाली खुर्ची टाकून बसतात.

कुठलं झाड होतं ते? कुणाच्या अंगणातलं? बाजारातून उचललेलं की काय? तुला काहीच कसं वाटलं नाही?


४ ऑक्टोबर

दादा,

आज वर्ग चालू असताना नर्सबाईंनी वर बोट दाखवलं. "अहो, या फांदीला कावीळ झालीय का?" सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्याने हसले. "नाही हो, ऊन लागलंय," म्हटलं आणि लगेच भाजीपाल्यावर उडी मारली. वांग्याच्या रोपांबद्दल काय बोलले ते मला एक अक्षर आठवत नाही.

तपासणीवाल्या बाई पुढच्या आठवड्यात यायच्या आहेत. दरवर्षी येतात, चहा घेतात, रोपांच्या ओळी बघतात, पाहुण्यांच्या खोलीत डोकावतात. थोरलीकडे त्या कधी नीट बघत नाहीत आणि बाबा बघूही देत नाहीत. थोरलीची तपासणी म्हणजे त्यांना स्वतःच्या आईकडे ओळखपत्र मागितल्यासारखं वाटतं. यंदा ती पानं मी आदल्या दिवशी वेचून टाकली तर कुणालाही कळणार नाही. मी हा विचार करते आहे, दादा. आज दिवसभर करते आहे. शेजारच्या काकांनी आपली कलमं लावून चार वर्षं काढलीत, यंदा त्यांना पहिलं फळ धरलंय. काल फाटकात उभे राहून मला सांगत होते, एकेका झाडाला किती फळं आहेत ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मी बोलले तर रोपवाटिका बंद. थोरली जाणार, तिच्या आसपासची झाडं जाणार, लोक दारात येऊन उभे राहणार. आणि बाबा? त्यांनी स्वतःच्या हाताने ती काडी तिथे घातली. हे त्यांना कळलं तर ते पुन्हा अंथरुणातून उठायचे नाहीत. आणि मी बोलले नाही तर काकांची बाग जाईल, मग त्यांच्या शेजारची, मग त्याच्या पलीकडची.

या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस. गेलास तेव्हा घर मोडून गेलास, आम्ही ते कसंबसं सावरलं. आता डब्यातून हे पाठवलंस. एवढा राग होता तर शिव्या पाठवायच्या होत्यास, कागदाचे चार ताव शिव्यांनी भरले असते तरी मी घेतले असते.

तुझं झाड बरं आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. हो किंवा नाही लिही. सही करू नकोस हवं तर.


१३ ऑक्टोबर

दादा,

मी बोलले. बाई आल्या, त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि मी म्हटलं, "आधी थोरलीकडे चला." कप टेबलावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला रडूच फुटलं.

बाबा खुर्चीतच होते. बाईंनी फांदी खाली ओढली, पान दुमडलं, भिंगातून बघितलं. मग अजून पानं तोडली, नुसत्या त्या फांदीची नाही, चारी बाजूंची, वरची, खालची, शेजारच्या झाडांचीही, आणि वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. पाहुण्यांच्या खोलीतल्या माझ्या कुंडीचीही नेली. प्रयोगशाळेतून उत्तर येईपर्यंत एक पानसुद्धा बाहेर जायचं नाही म्हणून फाटकाला कुलूप घातलं.

त्या गेल्यावर मी बाबांसमोर जमिनीवर बसले.

"बाबा, मला महिनाभर माहीत होतं. मी पानं तोडत होते."

"मला पण दिसत होतं," बाबा म्हणाले. "पहाटे चूल कशाला पेटते तेवढं कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

मग मी विचारलं, इतके महिने पोटात ठेवलं होतं ते. "परकी काडी थोरलीवर का घातलीत? तुम्ही? तुम्हाला कळत नव्हतं का?"

"परकी?" ते म्हणाले. "बघितलीस तरी का तू ती काडी?"

आणि त्यांनी मला हाताला धरून पाहुण्यांच्या खोलीत नेलं, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन्ही दारं ओलांडून. माझ्या कुंडीतल्या रोपावर बोट ठेवलं. डोळ्याशेजारचा काटा खाली वळलेला. प्रत्येक डोळ्याशेजारी तसाच. संत्र्याचे काटे वर तोंड करून असतात दादा, खाली वळलेले फक्त थोरलीचे आणि तिच्या लेकरांचे. मी लहानपणापासून तिच्या काट्यांनी ओरबाडून घेतलंय आणि मला दिसलं नाही. मी डब्यावरचा पत्ता वाचत बसले होते.

"तो गेला त्या सकाळी थोरलीवर ताजा काप होता," बाबा म्हणाले. "काडी काढून नेलेली. कुणी चोरटा असता तर फांदी ओरबाडून नेली असती. काप तिरका होता, शिकवला तसा. त्यावर मेणसुद्धा लावून गेला होता."

एवढी वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

"ते आपलंच आहे," बाबा म्हणाले. "घरच्याला पाहुण्यांच्या खोलीत कोण ठेवतं?"

मग त्यांचा चेहरा बदलला. फळबागेत जन्म घालवलेला माणूस, त्यालाही ते तेव्हाच लख्ख कळलं असणार. काडी घरची असली तरी इतकी वर्षं बाहेर राहिलेली. तिथे तिला काय लागलं असेल ते कुणी सांगावं? "मी मारलं का गं तिला?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मला खरं तर माहीत नव्हतं.

म्हणजे तू थोरली नेली होतीस बरोबर. शोभेच्या बागा करायला निघालेला माणूस खिशात संत्र्याची काडी घेऊन गेला. दादा, मला तुझा इतका राग आलाय आणि तरी मी दिवसभर त्या काट्यावरून बोट फिरवतेय.


२ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं. बाई स्वतः घेऊन आल्या. बाबा पायरीवर बसले होते, मी त्यांचा खांदा धरून उभी होते. कुणाला कुणाचा आधार होता ते विचारू नकोस.

थोरलीला रोग आहे. पूर्वेकडे आहे, पश्चिमेकडेही आहे, शेंड्याला, बुंध्याजवळ, सगळीकडे. शेजारच्या दोन झाडांनाही आहे. तुझ्या फांदीलाही आहे.

मी डोळे मिटले. बाबांचा खांदा माझ्या हाताखाली एकदम खचला.

"पण तुमची कुंडी स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या.

मला समजेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, वर्गात मी सांगते तसं सावकाश. एकाच डब्यातल्या काड्या. दोन थोरलीकडे गेल्या, एक जाळीत राहिली. जाळीतली निरोगी आहे, म्हणजे डबा निरोगी होता. आणि एवढं मोठं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत धरलं जायला काही वर्षं लागतात, एक उन्हाळा पुरत नाही. एक बारीक उडता किडा असतो, तो तोंडातून रोग आणतो. कधी आणला कुणास ठाऊक. लहान, वेडीवाकडी फळं, हिरवी असतानाच गळणारी, ती म्हातारपणाची नव्हती. नव्या फांदीची पालवी कोवळी, म्हणून तिथे पिवळं आधी दिसलं, एवढंच.

"म्हणजे काडीने रोग आणला नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. काडीला तो इथे येऊन लागला."

बाबा उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं होतं, त्यांची चूक नाही हे कळल्यावर त्यांच्या जिवात जीव येईल. आता मला कळतंय त्यांना काय लागलं ते. तू धडधाकट काडी घरी पाठवलीस आणि घराने तिला आजारी पाडलं.

आणि मी तुला काय काय लिहिलं. ती पत्रं पोचली असतील तर फाडून टाक. पोचली नसतील तर बरंच झालं.


२१ नोव्हेंबर

दादा,

थोरली गेली. बाबा सकाळपासून बाहेर येऊन उभे होते, खुर्ची नको म्हणाले. आधी फांद्या, मग बुंधा, मग मुळं खणून काढली, सगळं तिथेच जाळलं. ओलं लाकूड, पेटता पेटेना. शेजारची दोन झाडंही गेली. तुझी फांदी शेवटी राहिली होती, ती बाबांनी स्वतः आपल्या चाकूने कापली, तिरका काप देऊन, आणि आगीवर ठेवली.

नंतर मी दारोदार फिरले. ज्यांना ज्यांना कलमं दिली त्यांच्याकडे मीच जाऊन सांगायचं ठरवलं. एकाने माझ्या तोंडावर दार लावलं. एका घरातली म्हातारी म्हणाली, "आमचं काय चुकलं होतं गं?" आणि मला तिथून हलता येईना. काकांच्या बागेतली पानं मी आणि त्यांनी मिळून दुमडून बघितली, एकेका झाडाखाली. काही बरी आहेत. काही नाहीत. काका शिव्या देतील असं वाटलं होतं. ते नुसते एका झाडाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तू निदान सांगायला आलीस." शिव्या बऱ्या होत्या त्यापेक्षा.

आता पाहुण्यांच्या खोलीत ती एक कुंडी आहे. थोरलीचं तपासून निरोगी ठरलेलं एवढंच उरलंय, माझ्या माहितीप्रमाणे. मी आत जाताना कपडे बदलते, हात कोपरापर्यंत धुते, पहिलं दार लागल्याचा आवाज आल्याशिवाय दुसरं उघडत नाही. तरी आत गेल्यावर मला श्वास मोठा घ्यायची भीती वाटते. जाळीला कुठे भोक पडलं तर? काल एक माशी दिसली, साधी घरातली माशी, तिला मारेपर्यंत मी घामाघूम झाले. बाई म्हणतात, एका कुंडीवर भरवसा ठेवू नका, मूळ झाडाच्या काड्या पुन्हा मागवा, या वेळी रीतसर कागद करून. म्हणजे तुझ्याकडूनच.


१० डिसेंबर

दादा,

आज बऱ्याच दिवसांनी वर्ग भरला. माणसं थोडीच होती. जिथे थोरली होती तिथे खड्डा आहे, म्हणून मी बाकं छपरीत टाकली होती. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "बाकं खड्ड्याशी घे. पहिला धडा मी देतो."

सावली नव्हती. ते उन्हात उभे राहिले. "शेतात पीक बघतात, बागेत एकेक झाड बघतात," नेहमीसारखं म्हणाले, आणि खड्ड्याकडे बघून थांबले. मला वाटलं, आता यांना पुढचं बोलता येणार नाही. मी उठणार तेवढ्यात त्यांनी हाताने मला बस म्हणून खूण केली.

"बागकामाच्या शाखा," ते म्हणाले. "पहिली, बागेची आखणी. माणसाला खायला लागतं तसं बसायलाही लागतं. सावली कुठे पडेल, वाट कुठून जाईल, काय कधी फुलेल, हे पंधरा वर्षं आधी ज्याला दिसतं तो ही शाखा करतो. अवघड आहे. मला जमली नाही. माझा मुलगा करतो."

माझा मुलगा करतो, असं म्हणाले. वर्गासमोर. नर्सबाईंनी विचारलं, "कुठे असतो मुलगा?" बाबा म्हणाले, "लांब. त्याच्याकडे आमचं झाड आहे."

मग फळं, भाज्या, फुलं, बाकी सगळं ओळीने सांगितलं. मला मात्र पुढचं ऐकू आलं नाही.

बाबा हल्ली जरा खातात. रोज विचारतात, पत्र आलं का. त्यांच्या मते तू काड्या पाठवल्यास म्हणजे राग गेला, आता उत्तर येईलच, काड्या येतील, कदाचित तू स्वतः घेऊन येशील. तुझं अंथरूण कुठे घालायचं यावर त्यांनी काल माझ्याशी वादही घातला.

मी त्यांना हो म्हणते. पण मी या धंद्यात आहे, दादा. आपल्या झाडाची काडी माणूस दुसऱ्याच्या हवाली कधी करतो ते मीच वर्गाला सहज सांगितलं होतं, घर विकलं जाताना, नाहीतर झाड लावणारं माणूस राहत नाही तेव्हा. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं तू काही पाठवलं नाहीस. मग एकदम तीन काड्या पाठवल्यास, टोकांना मेण लावून, आणि एक शब्द लिहिला नाहीस. मी डबा पुन्हा काढून बघितला. आतल्या कागदावर मेणाचे ओघळ आहेत. तुझा हात असा कधी नव्हता.

मी प्रत्येक पत्रात झाडाचंच विचारत राहिले. झाडाचं उत्तर देऊ नकोस, काड्याही पाठवू नकोस, कुंडी मी जिवापाड सांभाळीन.

तू बरा आहेस ना?

बुटकी